एकदाच मागितलेली रजा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजांची नावंही आता कोणाला आठवत नाहीत. डोंगरांच्या अलीकडच्या एका गावात एक तांबट राहत असे. त्याच्या हाताला असं वळण होतं, की त्याने ठोकलेली घागर लोक पाणी भरण्याआधी घटकाभर न्याहाळत बसायचे. पण गावात तांबं येईनासं झालं आणि त्याचा हातोडा रिकामा पडला. तेव्हा म्हाताऱ्या आईच्या पाया पडून तो डोंगरांपलीकडच्या परक्या राज्यात कामाला गेला.

तिथला कारखाना मोठा आणि मालक भला माणूस. पण रीती सगळ्या निराळ्या. तांबटाच्या गावी गप्पा मारत, गाणी म्हणत ठोके घालायचे. इथे तोंड उघडलं की चाळीस माना वळायच्या. दुसऱ्याच्या हातोड्याला नुसता हात लावला तरी अपमान. बिचाऱ्याने सुरुवातीला होत्या नव्हत्या त्या सगळ्या चुका केल्या, मनातून शरमला आणि हळूहळू शिकला. वर्षभरात तो इतका गप्प झाला, की तिथल्यांनाही त्याचं कौतुक वाटू लागलं.

एक गोष्ट मात्र त्याला कळेना. एकदा जेवताना त्याने शेजाऱ्यापुढे लसणाची चटणी धरली. शेजारी म्हणाला, "नको." त्याने डबी मिटली, तर शेजाऱ्याचा चेहरा उतरला. नको म्हणायचं आणि वर रुसायचं, या माणसांचं करायचं तरी काय? त्या दिवसापासून तो एकटाच जेवू लागला.

पुढे एके दिवशी त्याच्या गावचा एक व्यापारी कारखान्यात आला. म्हणाला, "तुझ्या आईने अंथरूण धरलंय. अन्न सुटलंय. सारखं तुझंच नाव घेते. मी परवा निघतोय, माझ्याबरोबर चल."

तांबटाने हातातला हातोडा खाली ठेवला. तसाच तो मालकाच्या खोलीत गेला.

"मालक, आई आजारी आहे. दोन महिन्यांची रजा द्या."

"देवळाची घंगाळं अर्धी राहिली आहेत," मालक म्हणाला. "आत्ता कसं जमणार?" आणि तो तांबटाच्या तोंडाकडे बघत बसून राहिला.

तांबट मान खाली घालून उभा होता. त्याच्या गावी वडीलधाऱ्याने एकदा नाही म्हटलं की विषय संपला. पुन्हा विचारणं म्हणजे त्याच्या शब्दाला किंमत न देणं. लहानपणी आईनेच त्याला हे शिकवलं होतं. त्याने नमस्कार केला आणि तो बाहेर पडला. मालकाला जरा नवल वाटलं. दुखणं फारसं नसावं, असं समजून तो आपल्या कामाला लागला.

व्यापाऱ्याने वेशीपाशी ऊन चढेपर्यंत वाट पाहिली आणि तो निघून गेला. तांबट न सांगता का गेला नाही, असं तुम्ही विचाराल. अहो, मालकाचा शब्द मोडून आलेला मुलगा आईलाच आवडणार नाही, असं त्याला वाटलं. वेडा होता. एवढी आजारी आई असलं काही बघत नसते.

दोन महिन्यांनी निरोप आला. आई गेली होती. शेवटचे आठ दिवस तिने दार लावू दिलं नव्हतं. मुलगा यायचाय म्हणायची.

तांबट जागच्या जागी बसला आणि त्या गप्प कारखान्यात मोठमोठ्याने रडला. मालक धावत आला.

"एवढी आजारी होती? अरे, मग गेला का नाहीस?"

"मी रजा मागितली होती, मालक. तुम्ही नाही म्हणालात."

"एकदाच तर म्हणालो!" मालकाचा आवाज चिरकला. "पहिल्यांदा नाही इथे सगळेच म्हणतात. दुसऱ्यांदा विचारलं की समोरचा नीट ऐकतो, आणि तिसऱ्यांदा विचारलं की कोणी अडवत नाही. मी वाट बघत होतो रे. तू विचारलं असतंस तर माझा घोडा दिला असता."

"मला हे कोणी सांगितलं नाही."

मालकाने सगळ्यांकडे पाहिलं. तांबटाचा शेजारी पुटपुटला, "यात सांगायचं काय? हे तर सगळ्यांनाच ठाऊक असतं."

मालकाने तांबटाच्या खांद्यावर हात ठेवला. "जा. आजच जा. हवे तितके दिवस राहा."

"आता कोणाकडे जाऊ, मालक?"

त्या भल्या मालकाला त्या रात्री जेवण गेलं नाही, पण त्याने काय होणार होतं?

तांबट गावी परतलाच नाही. पुढची वीस वर्षं त्याने तिथेच ठोके घातले, आणि मरेपर्यंत कोणाकडे कधी काही मागितलं नाही.

तात्पर्य: परमुलखातून आलेल्या माणसाला आपल्या रीती आपणहून सांगाव्यात; जे त्याला ठाऊकच नाही, ते तो विचारणार तरी कसं?