झऱ्याभोवतीचे कुंपण

फार पूर्वी शंखावती नगरीवर राजा सुबाहू राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका गोपालाच्या कुळात जन्मला होता आणि त्याचे नाव वसुपाल असे होते. नगरीच्या पूर्वेला, एका दिवसाच्या वाटेवर, डोंगरउतारावर त्याची आठशे गुरे चरत. त्या डोंगरात उगम पावणारी नदी नगरीला पाणी देई. पश्चिमेकडून येणारी दुसरी नदी मात्र, मकरंद नावाच्या लाकडाच्या व्यापाऱ्याने तिथले रान तोडल्यापासून, पावसाळ्यात गढूळ वाहे आणि चैत्र लागताच आटून जाई.

एका उन्हाळ्यात पूर्वेच्या नदीचे पाणीही उतरले. तेव्हा मकरंद राजाला म्हणाला, "महाराज, तो गोपाल वर झरे अडवून बसलाय. त्या डोंगराच्या बदल्यात मी त्याला नगरातलं घर आणि दोन आमराया देऊ केल्या. त्याने नाही म्हटलं. दगडधोंड्यांच्या उतारासाठी आमराई नाकारणारा माणूस काहीतरी लपवतोय, एवढं नक्की."

राजाने अमात्य हारीताला शोध घ्यायला पाठवले. हारीत कोणाच्याच शब्दावर विसंबत नसे. ज्योतिष्याने आज पौर्णिमा आहे असे सांगितले, तरी तो अंगणात जाऊन चंद्र पाहून येई. मकरंदाचेही त्याला खरे वाटले नाही. पण गोपालावर तर त्याचा त्याहून कमी विश्वास होता.

बैल विकत घेणाऱ्याच्या वेशात तो डोंगरावर पोहोचला. वसुपालाची बायको धारिणी हिने त्याच्यापुढे ताकाचा वाडगा ठेवला. हारीत म्हणाला, "आधी तुम्ही घ्या." धारिणीने हसून दोन घोट घेतले, तेव्हा कुठे त्याने वाडग्याला ओठ लावले.

चार दिवस तो गुरांमागून हिंडला, आणि जे जे दिसले त्याने त्याचा संशय वाढतच गेला. एका कुरणात गुडघाभर गवत उभे असताना वसुपाल गुरे तिथून हलवी आणि ते कुरण दोन महिने कोणाला तुडवू देत नसे. नदी समोर वाहत असताना गुरांना तिच्यात उतरण्याची मनाई होती. बांबूच्या पन्हळीने दगडी कुंड्यांत आणलेले पाणी ती पीत. आणि डोंगराच्या कुशीत एका जागेभोवती करवंदीच्या काट्यांचे उंच कुंपण होते. तिथे गुरे नाहीत, माणसेही नाहीत.

"आत काय आहे?" हारीताने सहज विचारल्यासारखे करून विचारले.

"ओलावा," वसुपाल म्हणाला.

हे उत्तर हारीताला इतके लबाडीचे वाटले की त्याने त्याच क्षणी ठरवले, आता आत गेल्याशिवाय परतायचे नाही. आत सोने पुरलेले असेल, नाहीतर नदी अडवणारा बांध असेल.

पाचव्या दिवशी भर दुपारी गुराखी झाडाखाली लवंडले, तेव्हा त्याने कट्यारीने कुंपणाचे काटे बांधलेले वेल कापले आणि तो आत शिरला. आत सोने नव्हते, बांधही नव्हता. लव्हाळे होते, शेवाळाने मऊ झालेली जमीन होती, आणि जागोजागी बोटाएवढ्या धारांनी पाणी वर येत होते. सारसाची जोडी अंड्यांजवळ उभी राहून त्याच्याकडे पाहत होती. पाऊस दोन वर्षे कमी पडला होता, तरी ही जमीन पाणी सोडतच होती. हारीताने कोपरान् कोपरा तपासला, चिखलात हातही घालून पाहिला. मग ओशाळून तो बाहेर आला आणि काटे जमतील तसे ओढून त्याने फट झाकली.

ती डागडुजी टिकली नाही. उन्हाने तापलेल्या गुरांना आतल्या हिरवळीचा वास लागला आणि अर्धा कळप कुंपण मोडून आत घुसला. गुराख्यांनी त्यांना हाकलून बाहेर काढेपर्यंत झरे तुडवले गेले होते, अंडी फुटली होती. नदी तांबडी झाली. दुसऱ्या दिवशी नगरीच्या घाटावर चिखलाचे पाणी पोहोचले, लोक ओरडू लागले, आणि मकरंदाने राजाला जागेवरच निकाल सुचवला: गोपालाला हाकलून डोंगर आपल्याला द्यावा.

राजाचे शिपाई वसुपालाला न्यायला आले. त्यांनी हारीताला ओळखून मुजरा केला. वसुपालाने एकवार त्याच्याकडे पाहिले. मग तो कुंपणापाशी गेला, सरळ कापलेला वेल उचलून त्याने निरखला, आणि तो खाली ठेवून शिपायांना म्हणाला, "कुंपण माझं, गुरं माझी. चला."

वाटेत हारीताच्या मनाला चैन पडेना. या माणसाला सारे कळले आहे. मग बोलत का नाही? दरबारात सर्वांदेखत बोलून माझी मान खाली घालायला लावणार? की आयुष्यभर मला मुठीत ठेवणार? शेवटी त्याने वसुपालाला शिपायांपासून बाजूला घेऊन विचारलेच, "वेल कोणी कापला, हे तुला ठाऊक आहे. गप्प राहून तुला काय मिळवायचंय?"

"आर्य, झरे वाचवायचेत," वसुपाल म्हणाला. "मी गुराखी. माझं म्हणणं राजाला माझ्या सोयीचंच वाटणार. आत काय आहे ते तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत. तुमच्यावर कुंपण फोडल्याचा ठपका आला, तर तुमच्या साक्षीला कोण विचारील? मला जी शिक्षा व्हायची ती होऊ दे. माझ्यामागून माझी माणसं गुरं सांभाळतील. फक्त डोंगरावर कुऱ्हाड पडू देऊ नका."

"आणि मी तिथेही गप्प राहिलो तर?"

"तर राहाल. मला तुमचा राग नाही. तुम्ही नगरीसाठीच आत शिरलात."

हारीताने या बोलण्यात खोट शोधली. नगरीची वेस येईपर्यंत शोधली. सापडली नाही.

दरबारात राजाने विचारले, "गोपाला, पाणी कोणी गढूळ केलं?"

"माझ्या गुरांनी, महाराज."

मकरंद पुढे सरसावला. पण त्याच्याआधी हारीत उभा राहिला. "महाराज, कुंपण मी फोडलं. दोष माझा आहे. आणि जे पाहिलं तेही सांगतो. याच्या गुरांनी गवत खाल्लं, पण मुळं शाबूत आहेत. म्हणून तिथे पाऊस वाहून जात नाही, मुरतो. गुरांना ते गवत हवं, म्हणून त्या डोंगरावर नांगर फिरलेला नाही आणि झाड पडलेलं नाही. त्या उतारावर गुरं चरतात म्हणून आपण पाणी पितो. पश्चिमेच्या डोंगरावरचं रान तुटलं आणि नदी गेली."

ज्याने आजवर कोणावरच विश्वास ठेवला नाही, तो एका गोपालाची खात्री देत होता, तीही स्वतःचा अपराध कबूल करून. राजाला दुसऱ्या पुराव्याची गरज वाटली नाही. त्याने पूर्वेचा डोंगर कायमचा गुरचरण म्हणून राखला आणि मकरंदाला व हारीताला शिक्षा सुचवण्याचा मान वसुपालाला दिला.

"शिक्षा नको," वसुपाल म्हणाला. "मकरंदशेठांचा उजाड डोंगर मला गवतासाठी द्यावा. आणि अमात्यांनी कुंपण बांधायला यावं. हात कमी आहेत."

हारीत आला. करवंदीच्या काट्यांनी त्याचे हात सोलून निघाले. पश्चिमेच्या डोंगरावर गवत धरायला सात वर्षे लागली, आणि नवव्या वर्षी तिथली नदी वैशाखातही वाहिली.

ही कथा शास्ते, म्हणजे संघाचे गुरू, आपल्या भिक्षूंना सांगत होते. ज्या भिक्षूला प्रत्येक सोबत्याच्या हेतूत काळेबेरे दिसे, त्याच्यासाठीच ही कथा निघाली होती. त्याच्याकडे वळून ते म्हणाले, "भिक्षू, त्या जन्मी हारीत तू होतास. संघात कलह पेरणारा आजचा भिक्षू तेव्हा मकरंद होता, माझी सेवा करणारा शिष्य राजा सुबाहू होता, आणि गोपाल वसुपाल तो मीच."

आपल्यावर आळ घेऊनही आळ आणणाऱ्याची लाज जो राखतो, त्याची ती क्षांती पारमिता, म्हणजे क्षमेची परिपूर्णता, होय.