पाच हजार एकेचाळिसावी पणती

एकदा एका नदीकाठच्या पाठशाळेत एक वृद्ध गणिताचार्य राहत असत. गावातील एका व्यापाऱ्याची आई दीर्घ आजारातून उठली, तेव्हा बोललेला नवस फेडण्यासाठी त्याने घाटावर दीपोत्सव योजला. साऱ्या रांगा सारख्या असाव्यात आणि एकही पणती रांगेबाहेर राहू नये, असा तो नवस होता. मांडणीचे काम आचार्यांनी आपला शिष्य विश्वंभर याच्यावर सोपवले.

विश्वंभराने विचारपूर्वक पाच हजार चाळीस पणत्या मागवल्या. दोनपासून दहापर्यंत कोणत्याही अंकाने निःशेष भागली जाणारी ही संख्या त्याला फार प्रिय होती. सत्तर-सत्तर पणत्यांच्या बहात्तर रांगा त्याने दुपारीच मांडल्या.

सूर्य कलताना व्यापाऱ्याची आई काठी टेकत घाटावर आली. पदराखालून तिने एक ओबडधोबड पणती काढली.

"बाळा, बरी झाल्यावर पहिल्यांदाच हात चालले बघ. ही मी केलीय. कुठे ठेवू?"

विश्वंभर अडखळला. त्याने मनातल्या मनात पाच हजार एकेचाळीसला दोनने भागून पाहिले, तीनने पाहिले, थेट दहापर्यंत गेला. प्रत्येक वेळी बाकी एक.

"आजी, ही संख्या कशालाच दाद देत नाही हो. तुमची पणती घरी देवापुढे लावा."

"बरं," म्हातारी म्हणाली आणि तिने पणती पुन्हा पदराआड केली.

पायरीवर बसलेले आचार्य उठले. ते शेवटची अख्खी रांग उचलून टोपलीत भरू लागले.

"आचार्य, हे काय? सारी मांडणी मोडेल!"

"टोपली धर."

मग उरलेल्या प्रत्येक रांगेच्या टोकाला ते एकेक पणती ठेवत गेले. अखेरच्या रांगेपाशी टोपली रिकामी झाली आणि तेवढी एकच जागा मोकळी राहिली.

"माई, या," आचार्य म्हणाले. "इथे तुमचीच पणती हवी."

म्हातारीने ती ठेवली. विश्वंभराने रांगा मोजल्या. एकाहत्तर. एका रांगेतल्या पणत्या मोजल्या. त्याही एकाहत्तर!

"पाच हजार एकेचाळीस म्हणजे एकाहत्तरचा वर्ग!" तो खजील होऊन म्हणाला. "मी दहापाशीच का थांबलो?"

आचार्य हसले. "भागाकार चुकला तर पुन्हा करता येतो रे. पण परत पाठवलेले माणूस पुन्हा येईलच असे नाही. जुन्या मांडणीत माईंना जागा नव्हती, हे खरे. एका रांगेने स्वतःला साऱ्यांत वाटून दिले, तेव्हा जागा झाली. आणि त्या आल्या नसत्या, तर हा चौरस अपुराच राहिला असता."

दिवे लागले. घाट उजळून निघाला.

"छान मांडलंस हो बाळा," म्हातारी समाधानाने म्हणाली.

विश्वंभर वाकून तिच्या पाया पडला. "नाही आजी, मांडणी पुरी तुम्ही केलीत."

बाकी उरली असे वाटते, तेव्हा पुष्कळदा आपणच भागायचे थांबलेलो असतो.