शून्य धूर

लिहा म्हणे. गेले वर्षभर एक जण मागे लागला आहे, की ती गाडीची गोष्ट कागदावर उतरवा, नव्या पोरांना वाचून दाखवायची आहे. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला लिहायला लावायचं आणि आपण चहा पीत बसायचं. बरं. लिहितो. पण कोणी लावलं त्याचं नाव शेवटी येईल, तोवर दम धरा.

एकदा एक म्हातारा वस्ताद होता. होता म्हणजे आहे, अजून मेलेला नाही. घाटाच्या पायथ्याच्या गावात चाळीस वर्षं गाड्या उघडत आला. त्याच्या हाताखाली एक शिष्य सात वर्षं शिकला, आणि मग सरकारमान्य तपासणी केंद्रात नोकरीला लागला. अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट आला. गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे की नाही, हे तो मशीन लावून ठरवू लागला. वस्तादाला आनंद झाला होता. खोटं कशाला बोला.

त्याच गावात जुन्या गाड्या विकणारा एक शेट होता. त्याच्याकडे एक आठ वर्षं वापरलेली मोठी घरगुती गाडी आली. घरी वायर लावून चार्ज करायची, तेवढं अंतर बॅटरीवर जाते आणि बॅटरी संपली की आपोआप पेट्रोलवर येते, अशा जातीची. शेटने ती तपासणीला पाठवली. केंद्राकडे निघायच्या मिनिटापर्यंत वायर लावून ठेवली होती. का, ते त्याच्या देवाला ठाऊक. शिष्याने ब्रेक बघितले, दिवे बघितले, धूर मोजला. धुराच्या रकान्यात शून्य. गाडी पास.

गाडी घ्यायला आल्या शैलजाताई पन्हाळे. त्यांच्या नवऱ्याचं, तात्यांचं, मूत्रपिंड गेलेलं. आठवड्यातून तीनदा घाट चढून वरच्या शहरात डायलिसिसला न्यायचं. एक वारी चुकली तरी माणूस सुजतो, दोन चुकल्या तर राहत नाही. एसटीत तात्यांना बसवेना म्हणून गाडी. सौदा संध्याकाळी व्हायचा होता. ताई दुपारी वस्तादाकडे आल्या आणि म्हणाल्या, "दाखला आहे, पण तुम्ही एकदा नजर टाका."

वस्ताद गेला. त्याने बॉनेट उघडलं नाही. चाकाला हात लावला नाही. किल्ली घेतली, आत बसला, काचा वर केल्या, एसी पूर्ण सोडला, दिवे लावले, रेडिओ लावला आणि सीट मागे पाडून डोळे मिटले.

अर्धा तास गेला. तास गेला. माणसं जमली. शेटने काचेवर टकटक केली.

"अहो वस्ताद, गाडी बघायला आलात की झोपायला?"

"एसी बरा आहे तुमचा," वस्ताद आतून म्हणाला आणि काच परत वर केली.

शेटने शिष्याला फोन करून बोलावून घेतलं. तो आला तो तणतणतच. त्याने पास केलेल्या गाडीवर गावासमोर शंका! त्याने दार उघडलं.

"वस्ताद, बाहेर या. मी मशीन लावून तपासलीय. मशीन खोटं बोलत नाही."

"मग घाबरतोस कशाला? उभा राहा."

तेव्हा शिष्य वळून चारचौघांत म्हणाला, "जाऊ द्या हो, म्हातारचळ लागलाय यांना." माणसं हसली. ताई मात्र हसल्या नाहीत. त्या दाखल्याची घडी घालत होत्या, उघडत होत्या.

वस्तादाच्या कानात ते शिरलं. त्याने रेडिओ वाढवला.

दोन तास उलटले आणि बॅटरी संपली. गाडीने आपणहून इंजिन चालू करायला घेतलं. आधी नुसती घरघर. मग सगळी गाडी हिवताप आल्यासारखी हलली, मागून निळाकाळा धूर सुटला, जवळची माणसं पदर-रुमाल नाकाला लावून मागे सरली. कुजक्या पेट्रोलचा वास पसरला. दोन ठोके, तीन ठोके, आणि इंजिन बंद. समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं आली. वस्ताद उतरला. तो चिडला होता. शेटवर चिडून उपयोग नव्हता, त्याचा धंदाच तो. तो चिडला होता शिष्यावर.

"रवळू, तुझ्या मशीनने धूर किती दाखवला?"

"शून्य."

"नळी कुठं घातली होतीस?"

"सायलेन्सरमध्ये."

"आणि इंजिन चालू होतं?"

शिष्याने सायलेन्सरकडे बघितलं. तपासणीच्या वेळी गाडी बॅटरीवर उभी होती, आवाज नव्हता. तो तर उलट म्हणाला होता, काय शांत गाडी आहे.

"झोपलेल्या माणसाच्या तोंडाला कान लावलास," वस्ताद कडाडला, "आणि लिहून दिलंस की हा कधी शिवी देत नाही! मशीन खोटं बोललं नाही, गाढवा. विचारलंस तेवढंच त्याने सांगितलं. या गाडीत दोन बळं आहेत. एक रोज कामाला जातं, सगळे त्याला बघतात. दुसरं वर्षानुवर्षं पडून असतं आणि पहिलं थकलं की त्याला हाक येते. परीक्षा त्याची घ्यायची! सकाळी भरल्या पोटी कोणीही उभा राहतो. अर्ध्या घाटात बॅटरी संपली असती. मागच्या सीटवर तात्या, खाली दरी, आणि ताईंच्या हातात तुझा शून्याचा कागद. तो कागद घेऊन त्यांनी काय करायचं होतं? वारा घालायचा होता तात्यांना?"

कोणी हसलं नाही. शिष्याने ताईंसमोर हात पुढे केला. ताईंनी दाखला दिला. त्याने खिशातलं पेन काढलं, बॉनेटवर कागद ठेवला आणि आडवी रेघ मारून खाली 'रद्द' लिहून सही केली. शेट ओरडत राहिला. शिष्याने मान वर केली नाही.

ताईंनी पुढल्या आठवड्यात साधी पेट्रोलची गाडी घेतली. तात्या अजून घाट चढतात आणि वळणं आली की ड्रायव्हरला सूचना देतात.

त्या केंद्रात आता एक पद्धत पडली आहे. धुराची नळी घालण्याआधी तिथला प्रत्येक जण सायलेन्सरसमोर तळहात धरतो. गरम वाफ हाताला लागली तरच नळी आत. ही पद्धत शिष्याने पाडली. कोणी विचारलं तर तो म्हणतो, वस्तादाची शिकवण. म्हणजे समजलं त्याला. पुरतं समजलं.

ज्याच्या भरवशावर घाट चढायचा, त्याला त्याच्या थकल्या वेळी एकदा बघून घ्यावं. गाडी असो नाहीतर माणूस.

आता ही गोष्ट नव्या पोरांना वाचून दाखवायची म्हणून लिहायला कोणी लावली? त्यानेच. दर महिन्याला येतो, चहा पितो, पाया पडतो, गोष्ट मागतो. पण चारचौघांत जो शब्द काढला तो मागे घ्यायला अजून तोंड उघडलेलं नाही त्या रवळनाथ धाकू तेंडुलेने.