तालीसचा काढा

“मग रोग्याला औषध द्यायला मला कधी सांगणार, महाराज?”

श्रीकरने विचारलं खरं, पण स्वरात तक्रारच जास्त होती. पुण्याहून आयुर्वेदाची पदवी घेऊन तो हिमालयातल्या या आश्रमात आला, त्याला बरेच दिवस झाले. आल्यापासून नुसती पानं खुडायची आणि चूल फुंकायची. अडाण्याचं ठीक आहे, याला तर सगळं तोंडपाठ होतं.

सोमगिरी महाराज खोकत होते. उबळ ओसरल्यावर त्यांनी समोरच्या उताराकडे बोट केलं.

“तालीस आणि थुनेर. सांग.”

श्रीकरने घडाघडा सांगितलं. दोन्ही बारमाही हिरवी, बारीक चपट्या पानांची झाडं; पण पाठीवर दोन पांढऱ्या रेघा फक्त तालीसच्या पानाला. तालीसच्या पानातलं सुगंधी तेल कफ सोडवतं. थुनेरच्या सालीतून कर्करोगावरचं औषध निघतं, पण त्याच्याच पानांतलं विष हृदय बंद पाडतं. विषाचं शास्त्रीय नावही त्याने सोडलं नाही.

“बरं. मला तालीसचा काढा करून दे.”

सकाळी तोडलेली फांदी चुलीपाशी होतीच. त्यातली निम्मी पानं उकळून त्याने काढा आणला.

महाराजांनी वाटी उचलली. ओठांपाशी नेली...

आणि श्रीकरच्या डोळ्यांपुढे सकाळ उभी राहिली. फांदी त्याने दाट धुक्यात तोडली होती. तिथे दोन्ही झाडं एकमेकांत घुसलेली. पान उलटून पाहिलं होतं का? आठवेना.

“थांबा, महाराज.”

वाटी थांबली.

तो चुलीकडे धावला. फांदीवर उरलेलं पान न् पान उलटलं. प्रत्येकाच्या पाठीवर दोन पांढऱ्या रेघा होत्या. चुरगळून हुंगलं, तर राळेचा वास. तालीसच. हायसं वाटलं, आणि मागोमाग लाजही.

परत आला तो मान खाली घालून.

“काढा बरोबरच होता, महाराज. मी उगाच घाबरलो.”

“हं...”

“एवढं शिकून मला माझ्याच हाताचा भरवसा नाही. मघाशी जे मागितलं, ते विसरून जा.”

काढा निवला होता. महाराजांनी तो सावकाश, तळापर्यंत प्यायला आणि वाटी खाली ठेवली.

“उद्या खालच्या गावातून रोगी येतील,” ते म्हणाले. “औषध तू दे.”