दोन चकत्या आणि एक पोथी

"पन ही चकती त्या यंत्रात चालते का नाई?" मेघराजबाबांनी विचारलं.

"नाही बाबा."

"अन् थे ह्या यंत्रात?"

"तीही नाही."

बाबांनी दोन हातांत नमुन्याच्या दोन चकत्या धरून उन्हात फिरवल्या. भिंतीवर दोन रंगीत कवडसे नाचले. दोन्ही अगदी सारखे. बाबांना त्याचीच गंमत वाटली असावी, कारण ते बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले.

श्रीरंग दंडवत प्रणाम करून बसला, तेव्हापासून बाबांचे प्रश्न चालूच होते. अमरावतीत त्याचा चित्रीकरणाचा स्टुडिओ होता. मठातली जुनी पोथी बाबा पान-पान वाचून समजावत असताना त्यानं अठरा तासांचं चित्रण केलं होतं, तेही असं की पोथीतला काना-मात्रा पडद्यावर दिसावा. पोथी सांकेतिक लिपीतली. ती वाचणारे मठात एकटे बाबाच उरले होते, आणि त्यांचे डोळे आता दगा देऊ लागले होते.

चकत्या छापणारा कारखाना उत्तरासाठी संध्याकाळपर्यंत थांबणार होता. ब्लू-रे की एचडी डीव्हीडी, या नव्याच निघालेल्या दोन चकत्यांपैकी कोणती, एवढंच कळवायचं होतं. पण दोघींपैकी बाजारात जी हरेल तिची यंत्रं उद्या कुणी बनवणार नव्हतं, आणि बाबांचं वाचन त्या चकतीत कायमचं अडकून पडणार होतं. आठवडाभर श्रीरंगला अन्न गोड लागत नव्हतं.

"स्वस्त कोनती?"

"एचडी डीव्हीडी. जुन्या डीव्हीडीच्याच यंत्रांत थोडा फेरबदल केला की छापता येते. ब्लू-रेला सगळी यंत्रं नवी घ्यावी लागतात, म्हणून महाग. पण तिच्यात मावतं जास्त."

"अन् लोकाच्या घरातली जुनी डीव्हीडी?"

"ती दोन्हीकडच्या यंत्रांत चालते."

बाबा खुदकन हसले. "म्हनजे दोघंही भाऊ म्हाताऱ्या बापाले ओळखतात, एकमेकाले नाई!"

श्रीरंगही हसला. मग जरा छाती काढून म्हणाला, "कोणतीही घेतली तरी एक गोष्ट नक्की, बाबा. माणूस विसरतो, चकती विसरत नाही."



बाबांनी कोनाड्यातली पोथी काढली, तिचा रुमाल सोडला आणि मधलं एक पान उघडून श्रीरंगपुढे ठेवलं.

"वाच."

श्रीरंग पुढे सरकला. अक्षरं आपल्याच बाराखडीतली, पण एकाच्या जागी दुसरं बसवलेलं. त्यानं धिटाईनं एक ओळ मोठ्यानं वाचली. नुसताच आवाज झाला. अर्थाचा पत्ता नव्हता.

"नाही येत, बाबा."

"काहून? कागद फाटला?"

"नाही."

"शाई उडाली?"

श्रीरंगनं वाकून पाहिलं. शाई अजून काळीभोर होती. "नाही."

"मंग चकती तं चांगली हाय," बाबा खरोखरच नवल वाटल्यासारखे म्हणाले, "चालत काहून नाई?"

...

श्रीरंगची मान खाली गेली. कॉलेजात जाण्याआधीच्या उन्हाळ्यात याच ओसरीवर बाबांनी त्याला ही लिपी शिकवायला घेतली होती. कोणत्या अक्षराच्या जागी कोणतं, रोज दोन-दोन. अर्ध्यावर आले असतील नसतील, तोच 'पुढच्या सुट्टीत येतो' म्हणून तो गेला. पुढची सुट्टी आली ती वीस वर्षांनी, कॅमेरा घेऊन. त्याला स्वतःची लाज वाटली.

खिशातला फोन वाजला. कारखान्याचाच होता.

"बाबा, त्यांना काय सांगू? कोणती घेऊ?"

बाबांनी दोन्ही चकत्या पुसून जपून कोनाड्यात ठेवल्या. पोथीची पानं उलटी फिरवत पहिल्या पानावर आले. मग सतरंजीवर थोडं सरकून त्यांनी शेजारी जागा केली.

"कोन्या अक्षरावर सोडलं होतं तू?"