पुलावरची पहिली मालगाडी

रुळांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. मेलगाड्यांची वाट अडू नये म्हणून मालगाड्यांसाठी वरून जाणारा उंच पूल उभा राहिला. पहिल्याच दिवशी कोळशाने भरलेली धोंडाबाई मालगाडी चढणीशी थबकली. खालून माणसांनी भरलेली मेल येत होती. आपल्या वजनाने पूल तिच्यावर कोसळला तर? धोंडाबाईच्या मनात आलं.

"काही होत नाही गं, जा!" सिग्नल म्हणाला. ती हलली नाही.

"पूलदादा, पेलशील ना मला?" तिने विचारलं.

"खरं सांगू? आजवर माझ्यावर कावळेच बसलेत. मलाही भीती वाटतेय. हळू ये. कुठे कळ आली तर लगेच ओरडेन."

मग ती निघाली, एकेक डबा जपत. पूल कण्हला, पण ओरडला नाही. खालून मेल धडधडत निघून गेली. आतल्या कुणी वर पाहिलंसुद्धा नाही.