आभाळ रंगवणारा टीव्ही

फार जुनी नाही, गेल्या दसऱ्याआधीची गोष्ट. दुकानात दोन महागडे टीव्ही शेजारीशेजारी होते. थोरला प्रत्येक चित्र आधी नटवायचा, मगच दाखवायचा. धाकटा आलं तसं लगेच दाखवायचा.

एकदा हेमांगी आईबरोबर आपला व्हिडिओ गेमच घेऊन आली.

"सिनेमा आणि हिचा खेळ, दोन्हीला चालेल तोच नेऊ," आई म्हणाली.

खेळ आधी थोरल्याला जोडला. पडद्यावर दरी येताच त्याने जिवाच्या आकांताने आभाळ निळंशार केलं, गवत हिरवंगार केलं. खेळातला घोडेस्वार धाडकन दरीत कोसळला.

"अगं, उडी मारायचीस ना!"

"दरी दिसल्याबरोबर मारली गं आई! यानेच ती उशिरा दाखवली."

धाकट्यावर तीच दरी तिने सहज ओलांडली.

धाकट्याचं खोकं दाराबाहेर पडलं, तेव्हा थोरला आभाळाला रंगाचा आणखी एक हात देत होता.